शेवटच्या रांगेपर्यंत

कोल्हापूरचा हौशी नट बाहेरगावी प्रयोगाला गेला की तिथल्या जाणकारांचा एक शेरा ठरलेला असतो : "आवाज छान आहे, पण जरा चढा लागतो." एकांकिका स्पर्धांच्या परीक्षकांकडून, पुण्या-मुंबईच्या शिबिरांतल्या तज्ज्ञांकडून मी तो कितीतरी वेळा ऐकला आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आमचा आवाज चढा लागतो, कारण तो ज्या वास्तूत तयार झाला तिथे बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं ही पहिली अट होती, आणि पोचला की नाही हे ती वास्तू तिथल्या तिथे सांगायची. केशवराव भोसले नाट्यगृहानं आम्हाला बोलायला शिकवलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्यानंतर त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. वारसा, अस्मिता, शाहूकालीन ठेवा. सगळं खरंच आहे. पण वर्षाकाठी एखाद-दुसरं नाटक कसंबसं उभं करणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला ती वास्तू कशासाठी लागायची, तिथे नेमकं काय घडायचं, हे फारसं कुणी लिहिलं नाही. ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमची संस्था लहान आहे. अशा संस्था कोल्हापुरात पेठोपेठी आहेत. आमच्यात कुणी बँकेत आहे, कुणी गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पाळीवर जातो, एक पोरगा गुजरीत सराफाकडे कामाला आहे, दोघी शिक्षिका, मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. तालमी रात्री आठनंतर, मंगळवार पेठेतल्या कुस्तीच्या एका तालमीच्या माडीवर. खाली पोरं जोर-बैठका मारत असतात, हौद्यातल्या मातीचा वास जिन्यानं वर येतो, आणि आमचा एखादा गंभीर प्रसंग ऐन रंगात असताना खालून कुणीतरी शड्डू ठोकतो. सगळ्यांना सवय झाली आहे. ज्याला त्या आवाजावर आपलं वाक्य टिकवता येतं, त्याला पुढं कशाचीच भीती उरत नाही.

दिग्दर्शन सर करतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत आणि संस्थेत ते सरच. नेपथ्य मामांचं. मामा शिवाजी पेठेतले सुतार, लग्नसराईत कपाटं आणि पलंग बनवतात, उरलेल्या दिवसांत आमचे फ्लॅट. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेलं मांजरपाट, त्यावर खळीचा हात, मग रंग. मागून तिरका टेकू आणि टेकूवर दगड. एकच फ्लॅट चार नाटकांत चार घरांच्या भिंती होतो. त्याच्या मागच्या बाजूला मामांच्या अक्षरात नाटकांची नावं आणि 'डावी विंग', 'माजघर', 'खिडकी इथं' अशा खुणा असतात. आमच्या संस्थेचं दप्तर असं काही असेल तर ते त्या फ्लॅटांच्या पाठीवर आहे.

आता त्या नाट्यगृहाकडे येते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली त्याचं काम सुरू केलं आणि १९१५ मध्ये ते पुरं झालं. तेव्हा नाव पॅलेस थिएटर. शेजारीच, जवळपास पाठीला पाठ लावून, खासबागचं कुस्ती मैदान. १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं गोल मैदान कोल्हापुरात असावं असं त्यांच्या मनानं घेतलं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मैदानात हौदा मधोमध खाली आणि माणसं चढत्या उतारावर, म्हणजे शेवटच्या माणसालाही मल्लाचा हात कुठे पडला ते दिसतं. मला या दोन इमारती कायम जोडीनंच आठवतात. दोन्हींमागे एकाच माणसाचा एकच आग्रह आहे : मागं बसलेल्याला पुढच्याइतकंच मिळालं पाहिजे. पैलवान आणि नट यांना एका भिंतीच्या दोन बाजूंना आणून बसवणारा राजा दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही. नाटकाच्या मध्यंतरात आम्ही मागच्या बाजूला उभ्या असायचो तेव्हा कधी कधी मैदानातली हलगी ऐकू यायची, आणि दुसऱ्या अंकाला आपोआप अंगात बळ यायचं.

माझं त्या रंगमंचावर पहिलं पाऊल पडलं ते कॉलेजात असताना, दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी. फळ्यांचा रंगमंच. टाच जोरात टेकली की खालून घुमायचं, त्यामुळे चालायचं कसं हेसुद्धा बसवावं लागे. चपलांचा आवाज होतो म्हणून आमच्यातल्या बायका बहुतेक प्रसंगांत अनवाणी असत, मग नाटकातलं घर कितीही श्रीमंत असो.

रंगीत तालमीला सर पुढं कधीच बसत नसत. बाल्कनीत, शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. गळ्यात पांढरा टॉवेल. एखादं वाक्य वरपर्यंत आलं नाही की टॉवेल वर जाई. ओरडत नसत, थांबवतही नसत. नुसता टॉवेल. प्रकाशात उभं राहून तुम्हाला समोरचा काळोख दिसत असतो आणि त्या काळोखात वर एक पांढरा तुकडा हलतो. तो हलला की मागचं वाक्य पुन्हा घ्यायचं.

सरांचं एक म्हणणं होतं, आणि आज मीही नव्या पोरांना तेच सांगते : "क्रियापद खाऊ नकोस." मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. कर्ता, कर्म, बाकीचा सगळा पसारा आधी येतो. काय झालं ते शेवटी, आणि झालंच नसेल तर तो नकार त्याच्याही मागं. नटाचा श्वास संपतो तोही नेमका तिथंच. "मी त्याला कधी माफ केलं नाही" असं म्हणताना सुरुवातीला सगळा जोर लावला आणि शेवटचं 'नाही' छातीत राहिलं, की बाल्कनीतला प्रेक्षक भलतीच गोष्ट घेऊन घरी जातो. म्हणून सर श्वास वाक्याच्या शेवटासाठी राखून ठेवायला लावत. कुजबुजीच्या प्रसंगातही तेच. कुजबुज म्हणजे आवाज कमी करणं असं नवख्याला वाटतं. आवाजातला घोगरेपणा काढायचा आणि व्यंजनं ठळक ठेवायची, म्हणजे ती तीरासारखी मागं जाते. हे शिकवायला वर्गखोली पुरत नाही. त्यासाठी लांब, खोल, भरलेलं सभागृह लागतं.

आणि भरलेलं म्हणजे खरोखर भरलेलं. रिकाम्या नाट्यगृहात आवाज भिंतींवरून परत येतो आणि नटाला फसवतो, आपण छान पोचतोय असं वाटतं. माणसं बसली की कपडे आवाज पिऊन टाकतात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी थंडीच्या तोंडावर असते. लोक शाली, स्वेटर घालून येतात, मग आणखी थोडा जास्त जोर लागतो. आमच्यातल्या जुन्या बायका विंगेतून डोकावून प्रेक्षकांतल्या शाली बघून सांगायच्या, "आज वर घ्या गं." असली विद्या कुठल्या पुस्तकात मिळणार? ती त्या जागेत उभं राहूनच मिळायची आणि एका पिढीकडून दुसरीला विंगेतच दिली जायची.

ज्यांचं नाव १९५७ मध्ये या नाट्यगृहाला दिलं गेलं, ते केशवराव भोसले तर आवाजाचेच राजे. संगीतसूर्य ही पदवी लोकांनी उगीच दिलेली नाही. ९ ऑगस्ट १८९० ला कोल्हापुरात जन्मले, लहान वयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या 'शारदा'त शारदेची भूमिका करून गाजले. १ जानेवारी १९०८ ला हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हा ते अठराचेही नव्हते. आज आमच्या संस्थेत अठरा वर्षांचा पोरगा आला तर आम्ही त्याला आधी पडदा ओढायला लावतो. या मुलानं माणसं जमवली, त्यांचं जेवणखाण, प्रवास, पगार, कपडेपट, पडदे असा सगळा संसार उभा केला, वर रोज रात्री गायचंही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. त्या दोन मृत्यूंनी कोल्हापूरच्या रंगभूमीचं काय झालं असेल याचा विचार मी अनेकदा करते. ललितकलादर्श मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढं नेली, त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी. मालक गेल्यावर मंडळी टिकणं ही नाटकाच्या धंद्यात सोपी गोष्ट नव्हती.

त्या काळात हे गाव नाटकवाल्यांना का मानवलं, याची कारणं नुसत्या राजाश्रयात शोधून भागणार नाही. १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. पडद्यांच्या गुंडाळ्या, पेट्या, हार्मोनियम आणि साठ-सत्तर माणसांचं बिऱ्हाड बैलगाडीवर हलवणं वेगळं आणि रेल्वेच्या डब्यात टाकणं वेगळं. शिवाय गावात कारागीर होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे पुढं सिनेमाकडे वळले, पण त्याआधी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर असं उतरवायचे की पडदा सुटला की लोक आधी चित्रालाच टाळी देत. बाबूरावांनी १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा त्यांचा हात आणि डोळा नाटकाच्या पडद्यांवर तयार झालेला होता. कोल्हापूरच्या सिनेमाचं मूळ असं नाटकाच्या पडद्यामागं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दरबारात गवई अल्लादियाखाँसाहेब, गावात संगीतकार गोविंदराव टेंबे. 'मानापमान'च्या चाली टेंब्यांच्या. बालगंधर्वांच्या कानाला त्रास होता तेव्हा शाहू महाराजांनीच त्यांना उपचारासाठी मिरजेला पाठवलं, आणि १९०५ मध्ये तिथंच ते किर्लोस्कर मंडळीतर्फे शकुंतला म्हणून रंगमंचावर आले. कोल्हापूर-मिरज-सांगली हा तीसेक मैलांचा पट्टा. या पट्ट्यात नाटक जन्मलं, गायला शिकलं आणि पडदे रंगवायला शिकलं.

मामांचे वडील याच गावच्या नाटकांत प्रकाश करायचे. मामा लहान होते तेव्हा हौशी मंडळींना तयार डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं साधन, परवडत नसे. मग मिठाच्या पाण्याचा डिमर. मामा ती हकीगत सांगतात तेव्हा हातवारे बघण्यासारखे असतात. मातीची किंवा सिमेंटची उभी नळी घ्यायची, तिच्यात पाणी आणि मीठ. तळाला एक धातूची पट्टी, वरून दोरीला बांधलेली दुसरी. दोन्ही दिव्याच्या तारेत जोडलेल्या. वरची पट्टी हळूहळू खाली सोडली की दोन्हींतलं अंतर कमी होतं, मिठाच्या पाण्यातून जास्त वीज जाते आणि रंगमंचावर पहाट होते. पट्टी वर घेतली की संध्याकाळ. मीठ किती टाकायचं यावर सगळं. कमी पडलं तर दिवा उजळत नाही, जास्त झालं तर पाणी उकळायला लागतं, विंगेत वाफ येते. उघडी वीज, ओला फरशीचा कोपरा, आणि दोरी धरून उभा असलेला माणूस कोरड्या लाकडी पाटावर. "बाबांचे डोळे रंगमंचावर आन् हात दोरीवर," मामा म्हणतात, "खाली बघायचंच न्हाई. बघितलं की पहाट धक्का खात यायची."

आज आमच्याकडे भाड्याचे एलईडी दिवे येतात, बोर्डावरची कळ सरकवली की काम होतं. बरंच झालं, जीव धोक्यात नाही. पण आमचा प्रकाशवाला पोरगा, फौंड्रीतला, अजूनही पहाट हातानंच करतो, बोर्डात भरून ठेवत नाही. नटी वाक्य कशी घेते ते बघून तो उजेड आणतो. मामांच्या त्या गोष्टी ऐकूनच तो तसा झाला.

त्या ऑगस्टच्या रात्रीबद्दल मी थोडंच लिहीन. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्री फोनवर फोन सुरू झाले आणि आम्ही जमेल तसे खासबागेकडे पळालो. रस्त्यावर सगळे ओळखीचे चेहरे होते : नट, गायक, मेकअपवाले, ज्यांनी आयुष्यात कधी एकमेकांच्या संस्थेचं नाटक चांगलं म्हटलं नाही असे दोन दिग्दर्शक खांद्याला खांदा लावून उभे. आतलं लाकूड, पडदे, खुर्च्या, छत, सगळं पेटलं होतं. मामा एकटेच बोलत होते, कुणाशी नाही, नुसतं मोजत होते : आता फळ्या गेल्या, आता बाल्कनी, आता वरच्या तुळया. लाकडाचा माणूस, त्यांना आवाजावरून कळत होतं. सकाळी दगडी भिंती उभ्या होत्या आणि आत आभाळ दिसत होतं. जयंतीचा हार घेऊन आलेली माणसं तो हार हातात धरून बराच वेळ तशीच उभी होती.

आमचं नाटक त्या वर्षी बसत आलेलं होतं. थांबायचं की करायचं यावर माडीवर दोन रात्री वाद झाले. सर म्हणाले, विष्णुदास भाव्यांनी काय केलं ते आठवा. १८४३ च्या नोव्हेंबरात सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून त्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, ते राजाच्या पदरी. आठेक वर्षांनी राजा गेला आणि आश्रय तुटला. तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून नाटक केलं. मराठी धंदेवाईक रंगभूमीची सुरुवात छप्पर गेल्यामुळेच झाली, असं सरांचं म्हणणं. इतिहासकार याला कितपत मान देतील ते देवो, माडीवर त्या रात्री ते सगळ्यांना पटलं.

मग आम्ही फिरलो. गायन समाज देवल क्लबचं गोविंदराव टेंबे रंगमंदिर, दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, इचलकरंजीचं घोरपडे नाट्यगृह, सांगलीचं भावे नाट्यमंदिर, मिरजेचं बालगंधर्व. फ्लॅट टेम्पोत, आम्ही मागं दोन गाड्यांत, जेवणाचे डबे मांडीवर. नाटक एकच, पण दर ठिकाणी ते वेगळं व्हायचं. लहान सभागृहात तोच राग अंगावर यायचा, प्रेक्षक मागं सरकायचे, म्हणून अर्धा आवाज गिळावा लागला. आमच्यातल्या तरण्या पोरांना ते सोपं गेलं, त्यांना मालिकांचा आणि मोबाइलवरच्या फिल्मांचा जवळचा अभिनय जमतो. मला अवघड गेलं. इतकी वर्षं जिथं पोचायचं ती खुर्ची इथे नव्हतीच.

सांगलीला भाव्यांच्या नावाच्या रंगमंचावर नारळ फोडताना सरांचा हात थरथरत होता. पाच नोव्हेंबर हा रंगभूमी दिन ज्या गावामुळे पाळला जातो, त्या गावात उभं राहणं वेगळंच असतं. मिरजेला प्रयोग संपल्यावर एक आजोबा मेकअप रूमच्या दारात आले, आमच्यातल्या एकीला म्हणाले, "बाई, तुमचा शेवटचा शब्दसुद्धा कळला." ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, केशवरावमध्ये तिची जेमतेम दोन नाटकं झालेली. तरी टॉवेल तिच्याही कानात बसला होता, असं मला त्या वेळी वाटलं आणि फार बरं वाटलं.

फिरण्याचा खर्च मात्र मोठा. टेम्पो, डिझेल, हमाली, दोन वेळची जेवणं. केशवरावमध्ये प्रयोग म्हणजे आमच्यातले निम्मे लोक चालत यायचे. फ्लॅट हातगाडीवरून जायचे. प्रयोग संपल्यावर खाऊगल्लीत भेळ खाऊन बारापर्यंत नाटकाची चिरफाड व्हायची. गावात नाट्यगृह असतं तेव्हा नाटक चालत जाण्याच्या अंतरावर असतं. ते अंतर वाढलं की सगळ्यात आधी गळतात त्या बायका. घरी रात्री दहाला पोचणं वेगळं आणि दोन वाजता सांगलीहून पोचणं वेगळं. आमच्या संस्थेतल्या तिघी याच कारणानं थांबल्या, त्यातली एक फार चांगली नटी होती. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह, ते केशवराव निम्मं आयुष्य बायकांच्या भूमिका करत राहिले, कारण बाईनं रंगमंचावर येणं त्या काळाला मान्य नव्हतं. शंभर वर्षांत आम्ही तिथवर आलो, तर टेम्पोच्या वेळापत्रकानं पुन्हा मागं जायचं? मला हे मान्य नाही, आणि संस्थेच्या प्रत्येक बैठकीत मी हेच बोलते.

पुनर्बांधणी होते आहे. होतं तसंच उभं करा, ही गावाची मागणी होती आणि ती रास्त आहे. दगड, कमानी, दर्शनी भाग, सगळं तसंच हवं. पण आमच्यासारख्यांना विचाराल तर 'तसंच' या शब्दात आणखी काही गोष्टी याव्यात. रंगमंच फळ्यांचाच हवा, फरशीचा नको. फरशीवर खिळा जात नाही, फ्लॅटला टेकू लागत नाही, आणि तीन अंक उभं राहून नटाचे गुडघे जातात. माइकशिवाय बोललेलं बाल्कनीच्या मागच्या कोपऱ्यात ऐकू आलं पाहिजे, आणि हे उद्घाटनाच्या आधी, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही सभागृहांत नट उभा करून तपासावं. विंगेत फ्लॅट फिरवायला जागा हवी. मेकअप रूमला आतून कडी हवी आणि तिच्याजवळ स्वच्छ संडास, ही गोष्ट नकाशा काढणाऱ्यांना किरकोळ वाटते, आम्हाला ती तिसऱ्या घंटेइतकी महत्त्वाची आहे. आगीच्या वेळी बाहेर पडायला मोकळ्या वाटा हव्यात, विजेची वायरिंग दर वर्षी तपासली जावी. आणि भाडं. सगळं देखणं, वातानुकूलित झालं आणि हौशी संस्थेला वर्षातून एक तारीख घेणंही जड झालं, तर ती इमारत लग्नाच्या स्वागतसमारंभांना आणि सत्कारांना राहील. तिथं मोठ्यानं बोलायला शिकणारा पोरगा येणार नाही.

यातलं लाकडाचं मामांनी स्वतः लिहून काढलं. फळ्या कुठल्या लाकडाच्या, जाडी किती, दोन फळ्यांत फट किती सोडायची, पावसाळ्यात लाकूड फुगतं त्याचा हिशेब कसा धरायचा. वहीच्या तीन पानांवर, बॉलपेननं, आकृत्यांसह. सरांनी शुद्धलेखन तपासलं. आम्ही सगळ्यांनी सह्या करून ते निवेदनाला जोडून दिलं आहे.

दरम्यान नवीन नाटक घेतलंय. दोन अंकी, एकाच घरात घडणारं. सेट मामांनी दोन मापांत काढला आहे, एक देवल क्लबसाठी आणि एक केशवरावसाठी, आणि मोठ्या मापाचं लाकूड आत्ताच आणून माडीवर रचून ठेवलंय. वखारवाल्याचे निम्मे पैसे द्यायचे आहेत, ते वर्गणीतून जातील. सर हल्ली जिने चढताना थांबतात, पण माडीच्या अगदी मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसतात आणि टॉवेल आहेच. पुरुषांच्या चारही भूमिका ठरल्या. बायकांच्या तीन आहेत, त्यातली एक माझ्याकडे आहे, दोन अजून रिकाम्या. एक सून, साधारण तिशीची, आणि एक शेजारीण, तिला वयाची अट नाही पण भांडता आलं पाहिजे. अनुभव नसला तरी चालेल. तालमी मंगळवार पेठेतच होतील, रात्री साडेनऊला सुटतील, आणि घरापर्यंत सोडायला कुणीतरी येईल, ही जबाबदारी मी घेतली आहे. पहिलं वाचन येत्या रविवारी संध्याकाळी पाचला आहे.